कियाराचं बारसं आणि आईचं नाव

आम्ही दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यातल्या एका बचत गटाच्या बाया बोलतोय. एका हाताला अमरावती, दुसऱ्या हाताला अकोला, अन् मधात आमचं गाव. मागच्या वेळी आम्ही तूरडाळीच्या गिरणीबद्दल बोललो होतो. आज बोलणार आहोत नावांबद्दल. म्हणाल, नावात काय बोलायचं? आम्हालाही आधी तसंच वाटलं होतं. पण आमच्या गटातल्या एका सुनेच्या घरी बारसं झालं, अन् त्या एका बारशानं आम्हाला दोन महिने कामाला लावलं.

झालं असं. सुनेला पहिली मुलगी झाली. भटजींनी पत्रिका पाहून सांगितलं, मृग नक्षत्राचा चौथा चरण आहे, अक्षर निघालं 'की'. आता 'की' वरून नावं तरी किती? कीर्ती, किरण, किशोरी. आजीनं सरळ सांगितलं, अक्षर राहू द्या बाजूला, नाव ठेवा रुक्मिणी. कौंडण्यपूर आपल्याच अमरावती जिल्ह्यातलं, रुक्मिणी आपल्याच वऱ्हाडाची लेक, तिच्याहून चांगलं नाव कोणतं?

बारशाच्या दिवशी घुगऱ्या शिजल्या, पाळणा सजला, आम्ही सगळ्या जमलो. आत्याबाईनं बाळाच्या कानात नाव सांगितलं, पाठीवर थापा पडल्या. मग तिनं मोठ्यानं नाव म्हटलं, "कियारा!"

आजीच्या हातातली घुगऱ्यांची वाटी तशीच राहिली. म्हणाली, "हे काय नाव झालं व माय? मले तं म्हंताबी येत नाई. याले अर्थ काय?"

कोणी म्हणालं, शिनेमातल्या बाईचं नाव आहे. ते खरंच आहे. कियारा अडवाणी नावाची नटी आहे, पण तिचंही हे जन्माचं नाव नाही. तिचं नाव आलिया. आलिया भट आधीच पडद्यावर होती, म्हणून तिनं नाव बदललं. अन् हे नाव तिनं घेतलं २०१० सालच्या 'अनजाना अनजानी' या चित्रपटातून. त्यात प्रियंका चोप्राच्या पात्राचं नाव कियारा होतं. म्हणजे पात्राचं नाव नटीला, नटीचं नाव आपल्या गावातल्या लेकरांना. आज अमरावतीत काय, अकोल्यात काय, अंगणवाडीत हाक मारा, एखादी कियारा ओ देतेच.

बाळाची मावशी अमरावतीला कॉलेजात शिकते. ती म्हणाली, थांबा, अर्थ शोधते. तिनं मोबाईल काढला अन् वाचता वाचता गप्प झाली. आम्ही म्हटलं, काय झालं, वाच ना. ती हळूच म्हणाली, "दोन नावं आहेत. एक इटलीतलं, कियारा. त्याचा अर्थ उजळ, स्वच्छ. दुसरं आयर्लंडमधलं. त्याचा उच्चार कीरा असा होतो. तिकडच्या भाषेत 'कीर' म्हणजे काळा. म्हणून त्या नावाचा अर्थ... काळी, सावळी."

मैत्रिणींनो, तिथं एकदम शांतता झाली. कारण बाळ सावळं आहे. सकाळपासून आलेल्या पाहुण्यांपैकी दोघी-तिघींनी ते बोलूनही दाखवलं होतं. कोणी म्हणालं, हळदीच्या दुधाची साय लावा, कोणी म्हणालं, मोठी झाली की रंग खुलेल. ती आई, बाळंतीण, खाली मान घालून ऐकत होती. आता नावाचाही अर्थ तोच निघाला.

आजीनं बाळाकडे पाहिलं, अन् मग ती हसली. म्हणाली, "मंग तं बरं झालं ना व! कृष्ण म्हंजे तरी काय? काळाच ना? माह्या इठ्ठलाचा रंग कोणता हाय? रुक्मिणी काय गोऱ्याच्या मांगं गेली होती? ठेवा, हेच नाव ठेवा." अन् नाव पक्कं झालं. आजी अजूनही तिला 'कीरा'च म्हणते. तिला माहीत नाही, पण आयर्लंडच्या लोकांसारखं म्हणते.

बारशाहून घरी येताना आमच्यात गोष्ट निघाली, आयर्लंड म्हणजे कुठं? तर ते इंग्लंडच्या शेजारचं बेट आहे. आपल्यासारखंच तिथंही इंग्रजांचं राज्य होतं. त्यांची आपली वेगळी भाषा आहे, आयरिश. पण राज्य इंग्रजांचं, म्हणून कागदावर नावं इंग्रजीत चढायची. घरात एक नाव अन् नोंदवहीत दुसरं. घरातली 'ब्रीद' कागदावर 'ब्रिजेट' व्हायची. पुढं १८९३ मध्ये तिथल्या लोकांनी भाषा वाचवण्यासाठी एक संस्था काढली. लोकांनी जुनी नावं पुन्हा लेकरांना ठेवायला सुरुवात केली. १९२२ मध्ये त्या बेटाचा मोठा भाग स्वतंत्र झाला. तिथं मुलींचं एक नाव आहे, सीर्शा. त्याचा अर्थ स्वातंत्र्य. हे काही आजी-पणजीच्या काळातलं नाव नव्हतं, विसाव्या शतकात ते मुलींना ठेवू लागले. ज्यांनी आपलं नाव कागदावरून गमावलं होतं, त्यांना नावाची किंमत कळली होती.

आज त्यांची नावं जगभर गेली आहेत. अमेरिकेत २०१७ पासून कितीतरी वर्षं मुलांमध्ये सगळ्यांत जास्त ठेवलं गेलेलं नाव 'लियम' आहे. तेही आयर्लंडचंच. अन् आपल्याकडे पाहा, रियान, कियान, कियारा. रियान म्हणजे त्यांच्या भाषेत छोटा राजा. कियान हे नाव त्यांच्याकडेही आहे अन् इराणातही. आपण कुठून उचललं, कोणाला ठाऊक? गोड लागलं, ठेवलं.

नावं अशी इकडून तिकडे जातातच. उलटंही झालेलं आहे. मार्गारेट नोबल नावाची बाई १८६७ मध्ये आयर्लंडच्या उत्तर भागात जन्मली. ती कोलकात्याला आली. १८९८ मध्ये स्वामी विवेकानंदांनी तिला नाव दिलं निवेदिता, म्हणजे अर्पण केलेली. तिनं तिथं मुलींची शाळा काढली. आज आपल्याकडे कोणा मुलीचं नाव निवेदिता असलं, तर आपल्याला ते आपलंच वाटतं.

मग आम्ही आमच्या गटाची हजेरीवही काढली. त्यातली नावं वरून खाली वाचत गेलो. वाचता वाचता कळलं, ही तर गावाच्या इतिहासाची वही आहे. सगळ्यांत वरच्या, म्हाताऱ्या बाया गिरजा, यमुना, गोदा, सरस्वती. देवाचं, नदीचं नाव, कारण लेकराला हाक मारली की देवाचं नावही तोंडी येतं. त्याच कारणानं शेगावच्या महाराजांमुळे वऱ्हाडात जवळजवळ प्रत्येक वाड्यात एक गजानन आहे. त्यानंतरच्या शोभा, वंदना, संगीता, सुनंदा. त्यानंतर पूजा, प्रियंका, पूनम. अन् आता लेकरांची नावं आरोही, स्वरा, अन्वी, कियारा.

काही नावं भीतीतून आली. ज्या घरात लेकरं जगत नसत, तिथं धोंडू, दगडू, केरू अशी नावं ठेवत. नजर लागू नये, यमाला हे लेकरू नेण्यासारखं वाटू नये म्हणून. त्या नावामागं आईचं काळीज होतं. पण काही नावांमागं तेही नव्हतं. सातारा जिल्ह्यात मुलगी नको होती म्हणून मुलींचं नावच ठेवलं होतं नकुशा, नकोशी. शाळेत हजेरी घेताना रोज त्या मुलीनं आपण नकोशी आहोत हे ऐकायचं अन् वर 'हजर' म्हणायचं. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या जिल्हा परिषदेनं कार्यक्रम घेऊन अशा २८५ मुलींची नावं बदलली. कित्येकींनी आपलं नाव आपणच निवडलं.

अन् काही नावं ताकदीतून आली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, त्यानंतर आपल्या वऱ्हाडातल्या कितीतरी घरांत कचरू, धोंडी अशी नावं थांबली अन् सिद्धार्थ, गौतम, राहुल, सुजाता, संघमित्रा ही नावं आली. आमच्या गटातली सुजाताताई सांगते, "माह्या आजीचं नाव दुसऱ्यानं ठेवलं, माह्या मायचं नाव रिवाजानं ठेवलं. माहं नाव माह्या बापानं विचार करून ठेवलं." नाव विचार करून ठेवणं ही तेव्हा मोठी गोष्ट होती. आजही आहे.

तेव्हा कोणी नवं नाव ठेवलं तर आम्ही आता नाक मुरडत नाही. आपल्या आज्यांनाही एकेकाळी वंदना अन् संगीता ही नावं शहरी वाटलीच असतील. नाव कुठल्या देशातून आलं यापेक्षा ते कोणी ठेवलं अन् ते कागदावर कसं चढलं, हे पाहायचं. आमची खरी गोष्ट इथून सुरू होते.

बारसं झालं. पंधरा दिवसांनी सून जन्माचा दाखला घेऊन गटात आली. डोळे लाल. म्हणाली, "बघा ना ताई, यात माझं नावच नाही."

आम्ही दाखला पाहिला. आईच्या नावाच्या रकान्यात लिहिलं होतं, गायत्री. आम्ही म्हटलं, तुझंच तर नाव आहे. ती म्हणाली, "माझं नाव पूनम."

आमच्या लक्षातच राहिलं नव्हतं. लग्नात ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं नवं नाव लिहिलं होतं, गायत्री. तेव्हापासून सगळं गाव तिला गायत्री म्हणतं. आम्हीही. पण तिचं आधार कार्ड पूनम, दहावीचं प्रमाणपत्र पूनम, बँकेचं खातं पूनम. बाळंतपणाला दवाखान्यात नेलं तेव्हा तिला कळा सुरू होत्या. नाव सांगितलं सासूनं. सासूला जे नाव माहीत, ते तिनं सांगितलं. तेच कागदावर चढलं, तेच दाखल्यावर आलं.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? पण पाहा. महाराष्ट्र सरकारनं ठरवलं आहे, १ मे २०२४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या लेकराचं नाव कागदोपत्री असं लिहायचं: आधी लेकराचं नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं नाव, मग आडनाव. शाळेच्या कागदांवरही. आजवर आपल्या लेकरांच्या नावात आपण कुठंच नव्हतो. आता आईचं नाव आलं. ही आपल्यासाठी केवढी मोठी गोष्ट! पण त्यात आईचं कोणतं नाव येणार? जे तिच्या कागदावर आहे ते, की जे तांदळात लिहिलं ते?

सुनेनं जे सांगितलं ते आम्ही विसरणार नाही. ती म्हणाली, "माझं पहिलं नाव पत्रिकेनं ठेवलं. दुसरं तांदळात लिहिलं. मला दोन्ही वेळा कोणी विचारलं नाही. म्हणून पोरीचं नाव मी माझ्या मनानं ठेवलं, कियारा. आईला नाही आवडलं तरी ठेवलं. अन् आता माझ्या पोरीच्या नावामागं जे माझं नाव लागणार, ते पण मी नाही."

मग आम्ही हिशोब केला. आमच्या गटात अर्ध्याहून जास्त बायांची नावं लग्नात बदललेली निघाली. एकीची तर तीन नावं. माहेरी एक, सासरी एक, अन् मतदार यादीत लिहिणाऱ्यानं चुकवलेलं तिसरं. लग्नात बाईनं नाव बदललंच पाहिजे असा आपल्या देशात कुठलाही कायदा नाही. ना पहिलं नाव, ना आडनाव. ती रीत आहे. ज्यांना आवडेल त्यांनी हौसेनं पाळावी. पण कागद करताना विचार करावा. कारण नाव तांदळात लिहिणं सोपं, कागदावर बदलणं अवघड.

सासूबाई तिथंच बसल्या होत्या. सगळ्यांना वाटलं, आता त्या चिडणार, कारण दवाखान्यात नाव त्यांनीच सांगितलं होतं. त्या खूप वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माहेरी मले तारा म्हणत."

वहीत त्यांचं नाव गिरजाबाई. पंचेचाळीस वर्षांत कोणी त्यांना तारा म्हटलं नव्हतं. माय गेली, भाऊ गेला, ते नाव माहीत असणारं कोणी राहिलंच नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या पोरालाही ते माहीत नव्हतं. सुनेनं सासूचा हात धरला. आम्ही बाकीच्या कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

तारा हे नाव ऐकून आम्हाला बुलडाण्याच्या ताराबाई शिंदे आठवल्या. आपल्या वऱ्हाडाच्याच. १८८२ मध्ये त्यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' नावाचं पुस्तक लिहिलं. बाईवर सगळे दोष ठेवता, मग पुरुषाचं काय, असं त्यांनी सरळ विचारलं. ज्या काळी बाईचं नाव घराच्या उंबऱ्याबाहेर घेत नव्हते, त्या काळी त्या पुस्तकावर बाईचं नाव छापलं गेलं. मावशीनं अजून एक सांगितलं. आयर्लंडमध्ये तारा नावाची टेकडी आहे. तिथल्या जुन्या राजांची ती मानाची जागा. त्या टेकडीवरून इंग्रजी बोलणाऱ्या देशांतही मुलींचं नाव तारा ठेवतात. सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "म्हंजे नातीचं अन् माहं नाव एकाच गावचं निघालं व!"

आता कामाचं बोलू. आम्ही सुनेबरोबर गेलो अन् जे शिकलो, ते तुम्हाला सांगतो. जवळ कागद-पेन असेल तर घ्या.

पहिली गोष्ट. लेकरू जन्मलं की २१ दिवसांच्या आत जन्माची नोंद झाली पाहिजे. दवाखान्यात जन्मलं तर माहिती दवाखाना कळवतो, घरी जन्मलं तर घरच्यांनी ग्रामपंचायतीत सांगायचं. २१ दिवसांनंतर उशिराचं शुल्क लागतं, अन् वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्याचा आदेश आणावा लागतो. तेव्हा ओली बाळंतीण घरात असताना हे काम नवऱ्यानं, दिरानं, सासऱ्यानं करावं. पण कागदावर काय लिहिलं ते तिला वाचून दाखवावं.

दुसरी गोष्ट. बारसं झालं नाही म्हणून नोंद थांबवू नका. नावाशिवायही जन्माची नोंद होते. नाव नंतर भरता येतं. नोंद झाल्यापासून १२ महिन्यांत नाव भरायला पैसे लागत नाहीत. त्यानंतर उशिराचं शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत भरता येतं. पण पंधरा वर्षं कशाला थांबायचं? बारसं झालं की त्याच आठवड्यात नाव भरून घ्या.

तिसरी गोष्ट. १ ऑक्टोबर २०२३ पासून नवा नियम आला. त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्या लेकराला शाळेत प्रवेश, मतदार यादी, वाहन परवाना, पासपोर्ट, लग्नाची नोंद, सरकारी नोकरी अशा कामांना जन्मतारखेचा अन् जन्मठिकाणाचा पुरावा म्हणून जन्माचाच दाखला लागतो. आपल्या वेळी मास्तर अंदाजानं जूनची १ तारीख टाकायचे. ते दिवस गेले. आता दाखल्यावर जे लिहिलं, ते जन्मभर.

चौथी गोष्ट, लेकींसाठी. १ एप्रिल २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलींसाठी 'लेक लाडकी' योजना आहे, पिवळ्या अन् केशरी शिधापत्रिकेच्या घरांसाठी. जन्मल्यावर ५,००० रुपये, पहिलीत गेल्यावर ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० अन् मुलगी १८ वर्षांची झाली की ७५,०००. सगळे मिळून १ लाख १ हजार. बाकी अटी अंगणवाडीताईला विचारा, अर्ज तिच्याकडेच होतो. आता विचार करा, अर्जात आईचं नाव गायत्री, बँकेचं खातं पूनमचं. पैसे कोणत्या खात्यावर जाणार? आमच्या सुनेचं काम इथंच अडलं होतं.

पाचवी गोष्ट, चूक दुरुस्त करायची. जिथं जन्माची नोंद झाली, तिथल्याच निबंधकाकडे अर्ज करायचा. आईचं आधार, शाळेचा दाखला अशी कागदपत्रं जोडायची. अन् ज्यांना खरी गोष्ट माहीत आहे अशा दोन माणसांचं निवेदन लागतं. सुनेसाठी निवेदन द्यायला दोघी गेल्या. एक आमच्या गटाची अध्यक्ष, अन् दुसरी सासूबाई. त्यांनी तिथं सांगितलं, "दवाखान्यात नाव म्या चुकीचं सांगितलं. माह्या सुनेचं नाव पूनम हाय." दोन-तीन चकरा माराव्या लागल्या, एकदा साहेब नव्हते, एकदा एक झेरॉक्स कमी पडली. पण काम झालं. आता दाखल्यावर कियाराच्या मागं पूनम आहे.

सहावी गोष्ट, नवी नावं ठेवणाऱ्यांसाठी. कियारा हे नाव मराठीत लोक तीन तऱ्हेनं लिहितात: कियारा, किआरा, कियरा. इंग्रजीत तर त्याहून जास्त. कुठं 'आय'च्या मागं 'वाय' घालतात, कुठं दोन 'ए' लावतात. एक अक्षर इकडं-तिकडं झालं की आधार अन् शाळेचं रजिस्टर जुळत नाही, शिष्यवृत्तीचा अर्ज परत येतो. तेव्हा नाव ठेवायच्या दिवशीच एका कागदावर मराठीत अन् इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहून काढा. तो कागद देवघराच्या भिंतीला लावा. जिथं जिथं नाव द्यायचं, तिथं तोंडानं सांगू नका, तो कागद दाखवा. लिहून झालं की तिथंच उभं राहून वाचा. वाचता येत नसेल तर वाचणाऱ्या पोरीला सोबत न्या. रुक्मिणी नाव ठेवलं तरी हे लागतंच. आमच्याकडे एकच बाई एका कागदावर रुक्मिणी, दुसऱ्यावर रुखमा अन् तिसऱ्यावर रुखमाबाई आहे.

सातवी गोष्ट. गरोदर बाईनं दवाखान्याची पिशवी भरताना आपल्या आधारची झेरॉक्स त्यात ठेवायची. सोबत जाणाऱ्या बाईला, सासू असो, जाऊ असो, आशाताई असो, आधीच सांगून ठेवायचं, नाव विचारलं तर हा कागद पुढं कर. कळा येत असताना आपलं नाव आपण सांगू शकत नाही. कागदानं सांगावं.

अन् एक गोष्ट म्हाताऱ्या बायांसाठी. ज्यांचे सगळे कागद एकाच नावाचे आहेत, त्यांनी आता बदलायच्या भानगडीत पडू नये. गिरजाबाईंचं आधार, शिधापत्रिका, बँक, सातबारा, सगळीकडे गिरजा आहे. ते तसंच राहू द्यायचं. नाव सगळीकडे एकसारखं असणं महत्त्वाचं. पण ज्यांचे कागद दोन नावांत वाटले गेलेत, त्यांनी लेकरांच्या शाळेची अन् बँकेची कामं अडायच्या आत जुळवून घ्यावेत.

आमच्या गटानं एक ठराव केला आहे. दर महिन्याच्या बैठकीत हजेरी घेताना प्रत्येकीनं कागदावरचं आपलं नाव स्वतः म्हणायचं. अमक्याची आई नाही, तमक्याची सून नाही. पहिल्या बैठकीत बाया लाजल्या, पदरात तोंड घालून हसल्या. दुसऱ्या बैठकीत आवाज निघाला. अन् हजेरीवहीच्या मागच्या पानावर आम्ही सगळ्यांची माहेरची नावं लिहून ठेवली. ती कुठल्या कार्यालयाच्या कामाची नाहीत. आपल्यासाठी. तिथं पहिल्याच ओळीत लिहिलं आहे, तारा.

परवा आम्ही कियाराला पाहायला गेलो. चार महिन्यांची झाली, हाक मारली की मान वळवते. आजी अंगणात बसून तिला मांडीवर घेऊन म्हणत होती, "कीरा, माही काळी कीरा, तुह्या मायचं नाव काय? पूनम. अन् तुह्या आजीचं?" मग स्वतःच उत्तर देत होती.

मैत्रिणींनो, तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत एकदा वही काढा अन् विचारा, कागदावर कोण कोणत्या नावानं आहे, अन् माहेरी कोणाला काय म्हणत. ज्यांच्या घरी पाळणा हलणार आहे, त्यांना आजचं बोलणं सांगा. अन् तुम्हाला काय काय सापडलं, ते आम्हाला कळवा.

नमस्कार.